चौदा खिळे

मंगळवार, ४ मार्च

शनिवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी मी लाइन चालू करायचं बटण दाबलं. आधी हे लिहून टाकतो, मग बाकीचं.

सातला उपकेंद्रात आलो. रोजच्यासारखं दाराशी उभं राहून देवाचं नाव घेतलं, मीटरचे आकडे उतरवले, खिडकी पुसली. तीन नंबर फीडरवर, म्हणजे इथून वस्तीकडे जाणाऱ्या तिसऱ्या लाइनवर, काम होतं. आठ पन्नासला मुकादमाने मोबाइलवरून परमिट मागितलं. लाइन बंद करून दिली. पडद्यावर लाल चौकोन आला. त्यात मुकादमाचं नाव, फीडरचा नंबर, किती घरांची वीज गेली, किती मिनिटं झाली. मिनिटं सारखी पळत असतात.

दहा दहाला चौकोन हिरवा झाला. 'काम पूर्ण.' मी सवयीने मुकादमाला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज! तोवर पडद्यावर खालून पट्टी वर आली – 'विलंबाचे कारण निवडा.' कारणं तीन. यंत्रातला बिघाड, खराब हवामान, कर्मचारी जागेवर नाही. माझं कारण एवढंच होतं की मला माणसाचा आवाज ऐकायचा होता. ते त्या तिघांत नाही. गेल्या महिन्यात असाच दोनदा थांबलो, तर साहेबांनी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. "विलंबात पहिला नंबर, आपले तात्या! काय तात्या, चष्मा बदलायचा का?" सगळे हसले. मीही हसलो.

दाबलं.

लाइनमन बारक्या वर होता. वळणापलीकडच्या खांबावर. तारा जोडणारा जंपर ढिला दिसला म्हणून चढला होता, आणि मुकादमाला वाटलं तो कधीच उतरून टेम्पोत बसला. बंद लाइन जमिनीशी जोडून ठेवणाऱ्या अर्थिंगच्या काठ्या काढून झाल्या होत्या. बारक्या कमरेच्या पट्ट्याला लटकत राहिला. पट्टा होता म्हणून आहे.

एंगेज का होता ते नंतर कळलं. मुकादम बारक्यालाच फोन लावत होता. "चल लवकर, चहा थंड होतोय," असं सांगायला.

बुधवार, ५ मार्च

दवाखान्यात जाऊन आलो. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. दोन बोटं गेली. नाव बारक्या, वय बेचाळीस, अंगाने अजून शाळकरी पोरासारखा. मला बघून म्हणाला, "तात्या, तुमच्या वेळेला उतरलो नाही, माफ करा."

माफ करा! तो मला म्हणतो!

त्याची बायको पलीकडे पिशवी आवरत होती.  बाहेर पडताना फक्त एवढंच – "भाऊजी, हे वर आहेत ते तुम्हाला दिसत नव्हतं का?"

नव्हतं दिसत, वहिनी. हे मी जिन्यावर म्हणालो, एकटाच.

गुरुवार, ६ मार्च

जपाला बसलो. मन लागलं नाही. पडदा दिसतो.

शुक्रवार, ७ मार्च

चौकशी लागली. बुधवारी १९ तारखेला.

साहेबांनी आत बोलावून खुर्ची दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "तात्या, घाबरू नका. तुम्ही नियमाप्रमाणेच वागलात. हिरवं झालं, चालू केलं. तुमच्यावर काही येत नाही."

मी विचारलं, "आणि बारक्यावर?"

"त्याचं नाव परमिटवर कुठे आहे?"

"परमिटवर मुकादमाचंच नाव असतं, साहेब. पूर्वीपासून."

"तेच म्हणतोय ना मी. ज्याचं नाव नाही तो अधिकृतपणे लाइनवर नव्हता. स्वतःच्या मर्जीने चढला. कामावरचा अपघात कसा म्हणायचा त्याला?"

हे शांतपणे म्हणाले! पेनाचं टोपण लावत! दोन बोटं गेलेला माणूस, आणि तो तिथे नव्हताच! उद्या म्हणतील, हात आधीपासूनच तसा होता. कामावरचा अपघात नाही असं एकदा कागदावर आलं की उपचार त्याचे त्याने बघायचे, आणि हात बरा झाल्यावर परत घेतील की नाही ते साहेबांच्या मनावर. उलट मर्जीने चढला म्हणून आधी घरीच बसवतील.

मी उठलो तर म्हणाले, "बसा हो. चहा घ्या." घेतला. तो का घेतला याचाही राग येतोय.

रविवार, ९ मार्च

सुट्टी. आज सगळा राग नीट लिहून काढायचा असं ठरवून बसलोय.

कुणी बनवलं हे? त्या पडद्यावर सतरा चौकटी आहेत. मी मोजल्या. किती घरं बंद, किती मिनिटं बंद, या महिन्यात किती, गेल्या महिन्यात किती, माझा क्रमांक कितवा. रंगीत गोल आहे, तो फिरतो. सगळं साहेबांच्या कामाचं. माझ्या कामाला एकच गोष्ट लागते – वर किती माणसं आहेत. सतरा चौकटींत ती एक नाही!

आमची पद्धत अशी होती. लाइन बंद करून घ्यायची तर अख्ख्या गँगने माझ्याकडे यायचं. परमिट कागदावर, मुकादमाच्या नावाने. ते नियमाचं. पण दाराशेजारच्या भिंतीवर मी चौदा खिळे ठोकले होते. जो जो खांबावर जाणार त्याने आपल्या गाडीची किल्ली खिळ्याला अडकवायची. चार माणसं, चार किल्ल्या. जायचं टेम्पोने, किल्ली माझ्याकडे. काम झालं की यायचं, किल्ली स्वतःच्या हाताने काढायची. भिंतीवर एक जरी किल्ली लटकत असली तरी मी लाइन चालू करत नसे. मुकादम खाली उभा राहून कितीही ओरडला तरी नाही! माणूस सहीचं विसरतो, टोपी विसरतो, बायकोने सांगितलेलं तर हमखास विसरतो. पण किल्लीशिवाय घरी जाता येत नाही.

पोरं चेष्टा करायची. "तात्यांनी पार्किंग काढलंय." बारक्या तर किल्ली लावताना भिंतीला नमस्कार करायचा, मला चिडवायला.

अकरा वर्षांत एकदाही कुणाला ओरखडा नाही. रोज कुणाच्या किल्ल्या, किती वाजता लागल्या, किती वाजता निघाल्या हे मी वहीत लिहायचो. अशा सात वह्या भरल्या. कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःच्या समाधानासाठी.

मग मोबाइलवरचं परमिट आलं. गँग परस्पर जागेवर जाऊ लागली. माझ्याकडे यायचं कारणच उरलं नाही. खिळे रिकामे. साहेब म्हणाले, "फेऱ्या वाचल्या, वेळ वाचला."

वेळ वाचला!

ज्या बाईने हे बनवलं ती दोन वर्षांपूर्वी एकदाच आली होती. एक तास बसली. तासाभरात काय कळतं? गार खोलीत बसून दुसऱ्याचं काम ठरवायचं! उद्या तिला पत्र लिहितो.

सोमवार, १० मार्च

लिहिलं. चार पानं. एक पान फाडलं, त्यात फार घाण शब्द होते. देवाने माफ करावं. उरलेली तीन पाठवली. शेवटचं वाक्य – 'तुम्ही आमचं काम कधी विचारलंच नाही.'

बुधवार, १२ मार्च

बाई आली. मला वाटलं होतं उत्तरही येणार नाही, आली ती थेट दुपारी उपकेंद्रात. एकटीच. पस्तिशीची असेल. हातात माझं पत्र आणि एक जाड वही. मी बस म्हटलं नाही, तीच स्टूल ओढून बसली.

"काका, पत्र तीनदा वाचलं. बोला, अजून काय राहिलंय?"

मी बोललो. सगळं. सतरा चौकटी, किल्ल्या, पळणारी मिनिटं, ते तीन कारणांचं सोंग. आवाज चढला. बाहेरचा पहारेकरी डोकावून गेला. ती लिहीत होती. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

तिने जाड वही उघडली, पान शोधलं आणि माझ्याकडे फिरवलं. दोन वर्षांपूर्वीची तारीख. माझं पद. खाली तिच्या अक्षरात तिचे प्रश्न आणि माझी उत्तरं.

'लाइन चालू करण्यापूर्वी नेमकं काय करता?' – 'परमिटधारकाकडून काम पूर्ण झाल्याची सूचना प्राप्त झाल्यावर विद्युतप्रवाह पूर्ववत सुरू करण्यात येतो.'

हे मी बोललो होतो. असंच. 'करण्यात येतो.' घरी कधी असं बोललो तर ही मला वेड्यात काढेल. नियमपुस्तकातला नववा नियम, आदल्या दिवशी पाठ केलेला!

'याशिवाय तुमची स्वतःची काही पद्धत?' – 'नाही. सर्व नियमानुसार.'

आणि खाली कोपऱ्यात – 'भिंतीवर खिळे, चौदा. विचारलं. कॅलेंडरचे म्हणाले.' त्यापुढे तिने प्रश्नचिन्ह काढलं होतं.

मी भिंतीकडे बघितलं. तीही बघत होती.

"एक कॅलेंडर, चौदा खिळे," ती म्हणाली. हसली नाही. "मला तेव्हाच खटकलं होतं. मी एक पूर्ण दिवस इथे बसायची परवानगी मागितली. तुमच्या ऑफिसने कळवलं, गरज नाही, कर्मचाऱ्याने सर्व माहिती दिलेली आहे. सोबत हा कागद." कागदावर माझी सही. 'माझे कामकाज मी पूर्णपणे सांगितले आहे.'

"मी तिथेच अडून बसायला हवं होतं," ती म्हणाली. "आणि साहेब त्या दिवशी तुमच्या शेजारी बसले होते, त्यांना आधी बाहेर पाठवायला हवं होतं. ते मी केलं नाही. माझं मी चौकशीत सांगणार आहे. तुमचं तुम्ही बघा, काका."

गेली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

गुरुवार, १३ मार्च

कॅलेंडरचे!

शनिवार, १५ मार्च

ती सकाळ आता लख्ख आठवते. बाई दहाला येणार होती. मी साडेसहालाच आलो. रात्रीच्या कामावर गेलेल्या दोघांच्या किल्ल्या अजून भिंतीवर होत्या, त्या काढून टेबलाच्या खणात टाकल्या. वह्या पंख्याच्या खोक्यात लपवल्या. खिळेही उपटणार होतो, पण पक्कड सापडली नाही. सापडली असती तर प्रश्नचिन्हसुद्धा उरलं नसतं. मग घरून आणलेला इस्त्रीचा शर्ट घातला आणि नववा नियम पुटपुटत येरझाऱ्या घातल्या.

आमच्या गावच्या शाळेत तपासणी असली की मास्तर असंच करायचे. फुटक्या पाट्या कपाटात. बोबडी वळणाऱ्या पोरांना त्या दिवशी सुट्टी. उरलेल्यांनी उत्तरं पुस्तकातल्या भाषेत द्यायची. 'पाऊस कसा पडतो?' शेतात उभं राहून आम्ही रोज बघत होतो, पण उत्तर पुस्तकातलंच! तपासणीचे साहेब खूश होऊन जायचे. आम्हीही खूश.

मास्तरांना नावं ठेवत नाही. मी पन्नाशीला आलो, माझी शाळा कधीच सुटली.

हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे त्या बाईवर दहा दिवस उगाच ओरडत होता."

"उगाच नाही. तिचीही चूक आहे. साहेबांचीही आहे."

"असेल की. त्यांची त्यांनी वाटून घ्यावी. तुमची कोण घेणार?"

मी म्हटलं, "मला लाज वाटली. किल्ल्या, खिळे – कसलं गावठी काम. ती संगणक घेऊन आली होती."

तर ही म्हणाली, "ज्याच्यामुळे अकरा वर्षं माणसं घरी आली त्याची लाज! आणि पाठ केलेल्याचा मान!" आणि भाजीचे देठ इतक्या जोरात टोपलीत टाकले की दोन बाहेर पडले. मीच उचलले.

सोमवार, १७ मार्च

साहेबांना वहीचा सुगावा लागला. मुकादमाने सांगितलं असणार, त्याच्या पोटात काही राहत नाही. आज ड्युटीवर स्वतः आले. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "तात्या, त्या किल्ल्यांच्या वह्या आहेत म्हणे तुमच्याकडे. रद्दीत घाला. त्यात तुमचंच नुकसान आहे."

"कसं?"

"काम पूर्ण झाल्याची सही आल्यावरसुद्धा तुम्ही वीस-वीस मिनिटं लाइन बंद ठेवलीत. स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. अकरा वर्षांचा पुरावा स्वतःविरुद्ध! शिवाय तुम्ही बाईला सही करून दिलीत की वेगळी पद्धत नाही. म्हणजे एक तर वही खोटी, नाही तर सही खोटी. काय सांगाल?"

मी मीटरचे आकडे पुन्हा उतरवायला घेतले.

"आठ वर्षं राहिलीत तुमची. शांतपणे काढा."

हे खरं बोलले. त्यांचा राग येतो तो त्यामुळेच! माणूस मूर्ख असता तर बरं वाटलं असतं.

पण वहीत आणखी काय आहे ते त्यांना माहीत नाही, किंवा चांगलं माहीत आहे. वहीत प्रत्येक दिवशी परमिट एकाच्या नावाने आणि किल्ल्या तीन, चार, पाच. पानंच्या पानं. म्हणजे नाव नसलेली माणसं रोज लाइनवर जात होती, ऑफिसच्याच कामाला जात होती, आणि अकरा वर्षांत कुणी त्यांना 'मर्जीने चढला' म्हटलं नाही. बारक्याचं नाव त्यात चारशेहून जास्त वेळा आहे. परमिटवर एकदाही नाही.

बारक्या तिथे होता हे दाखवणारा कागद जगात एकाच माणसाकडे आहे. तो पंख्याच्या खोक्यात आहे.

मंगळवार, १८ मार्च

सकाळी देवापुढे बसलो. काही मागितलं नाही. बळ मागणार होतो, पण वाटलं, बळ मागायचं म्हणजे आणखी एक दिवस ढकलायचा. देव कंटाळला असेल माझ्या मागण्यांना.

दुपारी दवाखान्यात गेलो. बारक्या डाव्या हाताने चमच्याने खायला शिकतोय. निम्मं अंगावर. बायको म्हणाली, "बाळसं धरलंय बघा." दोघं हसली. मी आपला त्याच्या ताटाखालचा रुमाल नीट करत बसलो.

मग सांगितलं त्याला. किल्ल्या खणात टाकल्या ते. कॅलेंडर. सही. बटण दाबताना फोन लागला नव्हता आणि तरी दाबलं, तेही.

त्याने चमचा खाली ठेवला. त्याची बायको उठून खिडकीशी गेली. मग तो म्हणाला, "तात्या, माझा खिळा कितवा होता?"

"सहावा."

"त्या दिवशी किल्ली माझ्या खिशात होती," तो म्हणाला. "वर चढताना मांडीला टोचत होती. मनात आलं, ही आज इथे कशी?"

 त्याने माफ केलं नाही. बरं झालं. केलं असतं तर मी ते घेऊन घरी आलो असतो.

बुधवार, १९ मार्च

साडेदहाला सातही वह्या चौकशीच्या टेबलावर ठेवल्या. सोबत एक पान लेखी. पहिली ओळ – 'मी माझं काम लपवलं आणि पाठ केलेलं सांगितलं.' शेवटची – 'जखमी माणूस कामावर होता.' मध्ये 'करण्यात येतो' कुठेही नाही. साहेब छताकडे बघत होते. बाई कोपऱ्यात लिहीत होती. बाराला पत्र हातात मिळालं, उद्यापासून यायचं नाही. उपकेंद्रातून पंख्याचं रिकामं खोकं घेऊन निघालो. दाराशी थांबलो, माझ्या गाडीची किल्ली सहाव्या खिळ्याला लावली आणि चालत घरी आलो.